टाइप वनसोबतचा रोजचा दिवस: डोकं ठिकाणावर असताना काय काय ठरवून ठेवायचं

हे मोठ्या माणसांसाठी लिहितेय, म्हणजे ज्यांच्यामागे नोकरी आहे, घर आहे, जागरणं आहेत, प्रवास आहे आणि ह्या सगळ्यात टाइप वन डायबेटीसही आहे, म्हणजे शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही आणि ते बाहेरून घ्यावं लागतं. लहान मुलांकडे लक्ष द्यायला आईवडील असतात, शाळेत सांगून ठेवलेलं असतं. मोठेपणी ते सगळं आपल्यालाच बघावं लागतं. आणि हा आजार फक्त लहानपणीच होतो असं अजिबात नाही, कितीतरी जणांना तिशी-चाळिशीत होतो आणि वयाकडे बघून आधी टाइप टू समजून गोळ्या सुरू होतात, मग शुगर काही केल्या उतरत नाही, वजन मात्र उतरत जातं. तुमचं असं काही चालू असेल तर जीएडी अँटिबॉडी (शरीर स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटलंय का ते दाखवणारी) आणि सी-पेप्टाइड (शरीर अजून किती इन्सुलिन बनवतंय ते दाखवणारी) ह्या दोन टेस्टबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा, वाट बघू नका.

माझं म्हणणं एकच आहे. ह्या आजारात दिवसभर निर्णय घ्यावे लागतात, आणि त्यातले सगळ्यात महत्त्वाचे नेमके अशा वेळी येतात जेव्हा डोकं चालत नसतं. शुगर ५० आहे, ताप आहे, उलट्या होतायत, रात्रीचे तीन वाजलेत. अशा वेळी नवीन काही सुचत नाही. म्हणून जे ठरवायचं ते शांत असताना ठरवायचं, कागदावर लिहायचं आणि लागणारी वस्तू हाताशी ठेवून द्यायची. खाली लिहिलेलं सगळं त्याच हिशोबाने आहे. डोसचे आकडे मात्र तुमच्या डॉक्टरांसोबत बसून पक्के करा, कारण दोन माणसांना सारखा डोस कधीच लागत नाही. आणि मी शुगरचे आकडे मिलीग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये दिलेत, तुमचं मशीन मिलीमोलमध्ये दाखवत असेल तर १८ ने भागा.

आधी इन्सुलिन नीट समजून घ्या

पेनवर असाल, म्हणजे पेनासारख्या इंजेक्शनने इन्सुलिन टोचून घेत असाल, तर इन्सुलिन दोन प्रकारचं असतं. बेसल म्हणजे दिवसभर मागे चालू राहणारं, जेवलात न जेवलात तरी लागणारं, कारण लिव्हर सतत थोडं थोडं ग्लुकोज रक्तात सोडत असतं. बोलस म्हणजे जेवणासाठी आणि चढलेली शुगर उतरवण्यासाठी. बेसल बरोबर आहे का ते कसं कळतं, तर जेवण न घेता, करेक्शन (चढलेली शुगर उतरवायचा जास्तीचा डोस) न घेता काही तास गेले तरी शुगर साधारण जागच्या जागी राहते. रात्रभर शुगर चढत किंवा उतरत असेल तर आधी बेसल बघा, जेवणाचे डोस नंतर. फक्त एक लक्षात ठेवा की पहाटे शरीरात कॉर्टिसोल आणि ग्रोथ हॉर्मोन वाढतात आणि त्यामुळे काही न खाताही पहाटे शुगर चढू शकते, रात्री जेवणात काही चुकलं म्हणून ते होत नाही.

फास्ट इन्सुलिन टोचल्यावर लगेच काम करत नाही. १० ते २० मिनिटांनी सुरू होतं, तास-दोन तासात जोरात असतं आणि ३ ते ५ तास अंगात राहतं. ह्यातून दोन गोष्टी निघतात. एक, जेवायच्या आधी साधारण १५ मिनिटं घेतलं तर जेवणानंतरची उसळी बरीच कमी होते (शुगर आधीच कमी असेल तर थांबू नका, घ्या आणि जेवा). दुसरं, जेवणानंतर दीड तासाने शुगर २५० दिसली म्हणून घाबरून लगेच अजून चार युनिट घेऊ नका, कारण आधीचं अजून संपलेलं नाहीये. एकावर एक डोस चढले की तीन तासांनी धाडकन लो होतो, म्हणजे शुगर फार खाली जाते, आणि मग दिवसभर वरखाली वरखाली चालू राहतं. शेवटचा बोलस किती वाजता, किती युनिट घेतला हे कुठेतरी टिपलेलं असायलाच हवं. फोनवर, पेनच्या केसवर, कुठेही.

हिशोब कसा करायचा तर दोन आकडे लागतात. एका युनिटमागे किती ग्रॅम कार्ब्स (कार्बोहायड्रेट, म्हणजे जेवणातली पिठूळ आणि गोड गोष्ट जिची शुगर होते), आणि एका युनिटने शुगर किती उतरते. सुरुवातीचा अंदाज म्हणून दिवसभराचं एकूण इन्सुलिन घ्या, समजा ४० युनिट. ५०० ला ४० ने भागलं की १२.५, म्हणजे एका युनिटला साधारण १२ ग्रॅम कार्ब्स. १८०० ला ४० ने भागलं की ४५, म्हणजे एक युनिट शुगर साधारण ४५ ने उतरवेल. आता जेवणात ६० ग्रॅम कार्ब्स आहेत तर ५ युनिट, आणि शुगर २१० आहे, यायची आहे १२० वर, तर ९० उतरवायला २ युनिट, एकूण ७. हा फक्त अंदाज असतो, तिथून पुढे आठवड्या-दोन आठवड्यांच्या नोंदी बघून तो जुळवायचा. सकाळचा आकडा आणि रात्रीचा आकडा बऱ्याच जणांचा वेगळा निघतो, सकाळी जास्त इन्सुलिन लागतं. तुम्ही नेहमी जे आठ-दहा प्रकारचं जेवण जेवता त्याचे कार्ब्स एकदा वजनकाट्यावर मोजून लिहून ठेवा, आपण फिरून फिरून तेच खात असतो, त्यामुळे रोज मोजायची गरज पडत नाही. लेबल वाचताना 'शुगर'चा आकडा बघू नका, 'टोटल कार्बोहायड्रेट'चा बघा, आणि त्याआधी तो किती ग्रॅमसाठी दिलाय ते बघा.

तुपकट-तेलकट किंवा भरपूर प्रोटीनवालं जेवण वेगळं वागतं. त्यात पोट हळू रिकामं होतं, सुरुवातीला शुगर छान दिसते आणि चार-पाच तासांनी, बहुतेक वेळा झोपेत, चढायला लागते. पंप (अंगाला लावलेलं, सतत थोडं थोडं इन्सुलिन देणारं मशीन) असेल तर डोस ताणून देता येतो, पेनवर असाल तर डोस दोन भागात विभागायचा का हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. असं जेवण रात्री असेल तेव्हा झोपायच्या आधी एकदा आणि मध्ये एकदा शुगर बघायचा अलार्म आधीच लावून टाका.

पेन आणि सुई

हे सगळ्यांना येतं असं गृहीत धरलं जातं आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ असतो. नवीन निडल लावली की २ युनिट फिरवून, टोक वर करून हवेत सोडायचे आणि टोकावर थेंब दिसतोय का बघायचं. थेंब नाही आला तर परत. निडलमध्ये हवा असेल तर तुम्ही ६ घेतले असं वाटतं आणि प्रत्यक्षात ४ जातात, मग आपण दिवसभर जेवणाला दोष देत बसतो. टोचल्यावर बटण पूर्ण दाबून दहापर्यंत आकडे मोजा, मग काढा. ४ मिलीमीटरची निडल कुठल्याही बांध्याच्या मोठ्या माणसाला पुरते, लांब घेतली तर स्नायूत जायची भीती असते आणि तिथून इन्सुलिन फार लवकर आत जातं.

आणि जागा बदला. पोटावर हात फिरवून बघा, आरशासमोर, बोटांनी दाबत. कुठे रबरासारखी गाठ किंवा फुगवटा लागतोय का? एकाच जागी वर्षानुवर्षं टोचलं की तिथे चरबीची गाठ होते, तिथे दुखत नाही म्हणून हात आपोआप तिकडेच जातो, आणि तिथून इन्सुलिन कधी शोषलं जातं कधी नाही. ज्यांची शुगर 'काही कारण नसताना' नाचते त्यांनी आधी हे तपासावं. गाठ सापडली तर ती जागा काही महिने पूर्ण सोडा, पण सांभाळून, चांगल्या जागेवर तोच डोस जास्त लागू पडतो आणि लो होऊ शकतो, म्हणून डोस किती कमी करायचा ते विचारून घ्या.

इन्सुलिनची बंद पेनं फ्रिजमध्ये २ ते ८ डिग्रीत, फ्रीझरच्या कप्प्याला न टेकता. एकदा गोठलेलं इन्सुलिन परत वितळलं तरी वापरायचं नाही. वापरात असलेलं पेन ३० डिग्रीच्या खाली बाहेर ठेवलं तर बहुतेक ब्रँड २८ दिवस चालतात, काही जास्त, तुमच्या खोक्यातल्या कागदावर लिहिलेलं असतं. पेन उघडल्याची तारीख त्यावर पेनाने लिहा. आणि उन्हात उभ्या गाडीत पेन कधीच ठेवू नका.

लो झाल्यावर

ह्यावर मी जास्त लिहिणार आहे कारण सगळ्यात जास्त तयारी इथे लागते.

७० च्या खाली म्हणजे लो, ५४ च्या खाली म्हणजे गंभीर, तिथे मेंदूला ग्लुकोज कमी पडायला लागतं. नियम सोपा आहे, १५ ग्रॅम पटकन लागू पडणारी साखर घ्या, १५ मिनिटं थांबा, परत बघा, अजून ७० च्या खाली असेल तर परत १५. ग्लुकोजच्या ४ ग्रॅमवाल्या गोळ्या असतील तर चार, गोड ज्यूस असेल तर अर्धा कप. चॉकलेट, बिस्किट, आइस्क्रीम ह्यासाठी चालत नाही, त्यातल्या फॅटमुळे साखर उशिरा पोहोचते.

आता हे कागदावर सोपं आहे पण रात्री अडीचला काय होतं ते बघा. घामाने टीशर्ट भिजलेला, हात थरथरतायत, छाती धडधडतेय, शरीर ओरडून सांगतंय की खा, खा, खा, आणि तुम्ही फ्रिजच्या उजेडात उभं राहून हाताला लागेल ते खाताय, कारण १५ मिनिटं थांबायचं असतं हे मेंदूच्या ज्या भागाला माहितीये तो भागच त्या वेळी नीट चालत नसतो. सकाळी शुगर ३२०. ह्यात हावरटपणा काही नाही, शरीर जीव वाचवायचा प्रयत्न करत असतं. उपाय एवढाच की फ्रिजपर्यंत जायची वेळच येऊ द्यायची नाही. पलंगाशेजारी एक छोटा डबा ठेवा आणि त्यात एका वेळची १५ ग्रॅमची पुडी बांधून ठेवा, चार गोळ्या एका पुडीत, अशा तीन-चार पुड्या. एक पुडी फोडायची, संपवायची, फोनवर १५ मिनिटांचा टायमर लावायचा आणि पलंगावरच बसून राहायचं. असाच डबा ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, गाडीत, बॅगेत. वापरलेली पुडी दुसऱ्या दिवशी सकाळीच भरून ठेवायची.

घरातल्या एका तरी माणसाला आणि ऑफिसातल्या एका तरी माणसाला नीट शिकवून ठेवा. 'मला डायबेटीस आहे' एवढं सांगून काही उपयोग होत नाही, लोकांना वाटतं ह्यांना गोड द्यायचं नाही. सरळ सांगा, 'मी विचित्र बोलायला लागले, चिडचिड करायला लागले, घाम फुटला तर मला ही पुडी द्या, मी नको म्हटलं तरी द्या. मी बेशुद्ध असेन तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा, ग्लुकागॉन द्या आणि अॅम्ब्युलन्स बोलवा. इन्सुलिन अजिबात देऊ नका.' ग्लुकागॉन म्हणजे लिव्हरमधला ग्लुकोजचा साठा मोकळा करून शुगर वर आणणारं औषध, ते इंजेक्शनचं असतं, नाकात मारायचंही असतं. ते कुठे ठेवलंय ते त्या माणसाला दाखवा, आणि एक्सपायरीची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका.

ज्यांना लो जाणवायचंच बंद झालंय त्यांच्यासाठी वेगळं सांगते. सारखे लो होत राहिले की शरीर इशारा द्यायचं कमी करतं, ४५ असतानाही माणूस आरामात बोलत असतो. हा इशारा बऱ्याचदा परत येऊ शकतो, काही आठवडे एकही लो होऊ न देता टार्गेट थोडं वर ठेवलं तर लक्षणं पुन्हा जाणवायला लागतात. हे डॉक्टरांना लपवू नका, आणि सेन्सर (अंगाला चिकटवलेला, सतत शुगर दाखवणारा) मिळणं शक्य असेल तर अशा माणसाने आधी तोच घ्यावा.

दारू पीत असाल तर हे माहिती हवं. लिव्हर दारू निस्तरण्यात अडकलं की ग्लुकोज बनवायचं काम मागे पडतं, त्यामुळे लो रात्री उशिरा किंवा दुसऱ्या दिवशी सकाळीही येऊ शकतो, आणि अशा वेळी ग्लुकागॉनही नीट लागू पडत नाही कारण तेही लिव्हरच्याच साठ्यावर चालतं. वर पुन्हा लो झालेला माणूस आणि प्यायलेला माणूस बाहेरून सारखाच दिसतो. म्हणून रिकाम्या पोटी नाही, एकटं नाही, आणि सोबतच्या एकाला तरी माहिती असल्याशिवाय नाही. झोपायच्या आधी शुगर बघा आणि रात्रीचा एक अलार्म लावा.

गाडी चालवायच्या आधी शुगर बघायची, ९० च्या खाली असेल तर आधी खायचं, लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी परत बघायची. चालवताना लो वाटला तर बाजूला घ्या, इंजिन बंद करा, साखर घ्या, आणि आकडा सुधारला तरी पाऊण तास थांबा. रक्तातली शुगर आधी वर येते, विचार करायची आणि पटकन ब्रेक दाबायची ताकद नंतर. मीटिंगला उशीर होईल, होऊ दे.

आजारी पडल्यावर

'काही खाल्लंच नाही तर इन्सुलिन कशाला' हा टाइप वनमधला सगळ्यात घातक विचार आहे. आजारपणात शरीरातले स्ट्रेस हॉर्मोन वाढतात, लिव्हर जास्त ग्लुकोज सोडतं आणि न खाताही शुगर चढते. इन्सुलिन नसेल तर पेशींना ते ग्लुकोज वापरता येत नाही, शरीर चरबी जाळायला लागतं, कीटोन तयार होतात आणि रक्त आम्लधर्मी व्हायला लागतं. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन ह्या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन मिळालं, त्याच्या आधी टाइप वन झालेली माणसं ह्याच मार्गाने काही महिन्यांत, फार तर दोन-तीन वर्षांत जायची. बेसल थांबवणं म्हणजे शरीराला परत त्याच जागी नेणं. बेसल कधीही थांबवायचं नाही, डोस कमी-जास्त होऊ शकतो पण शून्य नाही.

आजारपणाचा एक कागद करून फ्रिजवर चिकटवा. त्यावर काय असावं: शुगर दर २ ते ४ तासांनी, शुगर २५० च्या वर राहत असेल किंवा मळमळ असेल तर कीटोन. रक्तातले कीटोन मोजणारं मीटर असेल तर ०.६ च्या खाली ठीक, ०.६ ते १.५ असेल तर जास्तीचं इन्सुलिन, पाणी आणि दोन तासांनी परत टेस्ट, १.५ च्या वर डॉक्टरांना फोन, ३ च्या वर थेट हॉस्पिटल. लघवीच्या पट्ट्या असतील तर लक्षात ठेवा की त्या काही तासांपूर्वीची परिस्थिती दाखवतात. जास्तीचं इन्सुलिन किती घ्यायचं तो आकडा डॉक्टरांकडून आधीच घेऊन त्याच कागदावर लिहा, कारण तापात फणफणताना तुम्हाला भागाकार जमणार नाही. घोट घोट पाणी पीत राहायचं, शुगर चढलेली असेल तर बिनसाखरेचं, आणि शुगर खाली असून जेवण जात नसेल तर साखरेचं, म्हणजे इन्सुलिन देता येतं. पाणीही पोटात टिकत नसेल, पोटात दुखत असेल, श्वास खोल आणि जोरात चालला असेल, तोंडाला फळासारखा वास येत असेल तर घरी थांबून अजून दोन तास बघू असं करायचं नाही.

पंपवाल्यांनी जास्त जागरूक राहायला हवं, कारण पंपात फक्त फास्ट इन्सुलिन असतं, बेसलचा साठा अंगात नसतो. कॅन्युला (पंपाची त्वचेखाली जाणारी बारीक नळी) वाकली किंवा ट्यूबमध्ये हवा गेली की काही तासांतच कीटोन वाढू शकतात. कारण कळत नसताना शुगर चढलेली आणि करेक्शनने उतरत नाहीये, तर कीटोन बघा, पेनने टोचून घ्या आणि पंपाचा सेट (कॅन्युला आणि ट्यूब) बदला. म्हणून पंप असला तरी पेन जवळ हवंच.

हॉस्पिटलमध्ये कुठल्याही कारणाने भरती झालात, ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलं, तरी प्रत्येक शिफ्टच्या माणसाला 'टाइप वन' हे शब्द वापरून सांगा, नुसतं 'शुगर आहे' म्हणू नका, आणि बेसलबद्दल विचारा. स्टेरॉइड दिलं तर शुगर चढणार हे धरूनच चला. आपल्या टाइप वनवाल्यांत खांदा आखडण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं आणि त्यासाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, त्यानंतर काही दिवस इन्सुलिन जास्त लागतं. टोचून घ्यायच्या आधीच डोसचं विचारून ठेवा.

सेन्सर, आकडे आणि त्यांचा अर्थ

सेन्सर रक्त मोजत नाही, त्वचेखालचं पाणी मोजतो, आणि ते रक्ताच्या मागे असतं, साधारण ५ ते १० मिनिटं. शुगर झपाट्याने बदलत असते तेव्हा हा फरक मोठा दिसतो. लो ला साखर घेतल्यावर सेन्सर अजून खालीच दाखवत राहतो आणि माणूस उगाच परत खातो, तेव्हा बोट टोचून बघा. सेन्सरवर कूस करून झोपलात तर तो दबून खोटा लो दाखवतो. काही सेन्सरना पॅरासिटामॉल किंवा जास्त डोसचं व्हिटॅमिन सी चालत नाही, तुमच्या सेन्सरचं माहितीपत्रक बघा. नियम असा ठेवा की अंगाला जे जाणवतंय ते आणि सेन्सर जुळत नसेल तर मीटर. आणि मीटरच्या आधी हात पाण्याने धुवायचे, फळ सोललेल्या बोटावरची साखर आकडा कितीतरी वाढवते. बोटाच्या कडेला टोचा, मधोमध नाही, कमी दुखतं.

बहुतेक मोठ्यांसाठी टार्गेट असं असतं की दिवसाच्या ७० टक्क्यांहून जास्त वेळ शुगर ७० ते १८० मध्ये आणि ४ टक्क्यांहून कमी वेळ ७० च्या खाली. एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी) बऱ्याच जणांसाठी ७ टक्क्यांच्या खाली. हे आकडे काय म्हणून पाळायचे? १९९३ साली अमेरिका आणि कॅनडातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, डीसीसीटी, त्यात १४४१ टाइप वनवाले होते. ज्यांची शुगर नीट सांभाळली गेली त्यांच्यात डोळ्याचा आजार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. पण त्याच गटात गंभीर लो तिप्पट झाले. म्हणून दोन्हीकडे बघायचं, नुसता एचबीए१सी खाली आणणं हे ध्येय नाही, कारण अर्धा वेळ ५० आणि अर्धा वेळ २५० असेल तरी सरासरी छान दिसते.

माझं ठाम मत आहे की आकड्याला चांगला-वाईट म्हणू नये. २८० म्हणजे तुम्ही नापास नाही, २८० म्हणजे आता इतके युनिट घ्यायचे आणि दोन तासांनी बघायचं. 'काय खाल्लंस?' असं घरच्यांनी विचारलं की त्यांना शांतपणे सांगा की काळजीने विचारताय हे कळतं, पण त्याऐवजी 'काही आणून देऊ का?' असं विचारा.

व्यायाम, प्रवास आणि बाकीचं

चालणं, सायकल, पोहणं ह्याने शुगर उतरते. जोरात पळणं किंवा जड वजन उचलणं ह्याने आधी चढू शकते. सुरू करताना १२५ ते १८० च्या आसपास असावी, ९० च्या खाली असेल तर आधी १०-२० ग्रॅम कार्ब्स, २५० च्या वर असेल तर कीटोन बघा आणि ते १.५ किंवा जास्त असतील तर त्या दिवशी व्यायाम नाही. खरी सावधगिरी रात्री, कारण स्नायू कित्येक तास ग्लुकोज ओढत राहतात. संध्याकाळी जास्त व्यायाम झाला तर त्या रात्रीच्या बेसलचं काय करायचं ते विचारून ठेवा. गरम पाण्याने आंघोळ करूनही इन्सुलिन लवकर शोषलं जातं, त्यामुळे डोस घेऊन लगेच बाथरूममध्ये जाऊ नका. शरीरसंबंध हाही व्यायामच आहे, त्याआधी शुगर बघायला, पंप काढून ठेवायला किंवा मध्येच थांबून साखर घ्यायला संकोच करू नका, जोडीदाराला एकदा मोकळेपणाने सांगितलं की पुढे सोपं होतं.

पाळीच्या आधीचे काही दिवस बऱ्याच जणींना इन्सुलिन जास्त लागतं आणि पाळी सुरू झाली की एकदम कमी, दोन-तीन महिने तारखा लिहून ठेवल्या की तुमचा पॅटर्न दिसतो. मूल हवं असेल तर गरोदर राहण्याच्या आधीच डॉक्टरांना भेटा, एचबीए१सी शक्यतो ६.५ च्या खाली आणा, फॉलिक अॅसिड आधीपासून सुरू करा. पुरुषांना लैंगिक अडचण आली तर त्यामागे नसा किंवा रक्तवाहिन्या असू शकतात आणि त्यावर उपचार आहेत, म्हणून गप्प बसू नका.

प्रवासात लागेल त्याच्या दुप्पट सामान घ्या, दोन वेगळ्या बॅगांमध्ये. विमानात इन्सुलिन सोबतच्या बॅगेत, सामानात टाकायचं नाही, तिथे गोठू शकतं. डॉक्टरांचं पत्र ठेवा. वेळ बदलणाऱ्या देशात जात असाल तर बेसल किती वाजता घ्यायचं ते निघायच्या आधी लिहून घ्या.

मन थकतं. ह्या आजारातून सुट्टी मिळत नाही आणि काही दिवस आकडे बघायचीसुद्धा इच्छा राहत नाही. अशा दिवसांसाठीही आधीच ठरवा की कमीत कमी काय करायचं. माझ्या मते ते असं: बेसल घ्यायचं, जेवणाला अंदाजाने का होईना बोलस घ्यायचा, झोपायच्या आधी एकदा शुगर बघायची. बाकी नोंदी, ग्राफ, मोजमाप सगळं काही दिवस बाजूला ठेवलं तरी चालेल. हे आठवडेच्या आठवडे चाललं तर डॉक्टरांना सांगा, 'शुगर बिघडलीये' असं नाही, 'मी थकलेय' असं सांगा, ते वेगळं दुखणं आहे आणि त्याला वेगळी मदत लागते. दुसऱ्या टाइप वनवाल्या माणसाशी बोलणं ह्यात फार उपयोगी पडतं, काही समजावून सांगावं लागत नाही.

डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांच्या नोंदी आणि कागदावर लिहिलेले तीन प्रश्न घेऊन जा, तिथे बसल्यावर आठवत नाहीत. एचबीए१सी साधारण तीन महिन्यांनी. निदानाला ५ वर्षं झाली की वर्षातून एकदा लघवीतला अल्ब्युमिन (किडनी बिघडायला लागली की लघवीत उतरणारं प्रोटीन) आणि किडनीची रक्ततपासणी, पायांची तपासणी, डोळ्याच्या पडद्याची तपासणी. थायरॉइडचीही अधूनमधून, कारण टाइप वनसोबत तो आजार बऱ्याच जणांत असतो. ह्या तारखा वाढदिवसाच्या महिन्यात एकत्र लावून टाकल्या की विसरत नाहीत. डोळ्याच्या तपासणीला बाहुली मोठी करायचे थेंब घालतात आणि नंतर काही तास अंधुक दिसतं, मीटरवरचा आकडाही नीट वाचता येत नाही, त्यामुळे त्या दिवशी गाडी नेऊ नका आणि कोणाला तरी सोबत घेऊन जा.